ताकदवान गाडी म्हणजे निव्वळ मिरवणं? (निवांतरावांना उत्तर)

तिसरा_गिअर
काल 'नवी गाडी कोणती घ्यावी' या धाग्यावर निवांतरावांनी एक पिंक टाकली: "दीडशे पीएसची, म्हणजे दीडशे घोड्यांची, गाडी घेऊन चांदणी चौकात क्लचवर पाय ठेवून बसणाऱ्यांची मला कीव येते. रोजच्या वापरात सत्तरच्या वरचा एकही घोडा कामाचा नाही, उरलेले नुसतं पेट्रोल पितात." त्यावर लोकांनी टाळ्याही वाजवल्या. तिथेच चार ओळी लिहायला बसलो, पण पारा चढत गेला, म्हणून वेगळा धागा.

माझं गाव चिपळूणजवळ, राहतो पुण्यात. महिन्यातून एकदा उंब्रज-पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि रविवारी चढायचा. सात वर्षं हे वॅगनआर 1.0 वर केलं. 68 पीएस, टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) 90. गाडीबद्दल तक्रार नाही, एकटा असलो की गुणी बाळासारखी चालायची. पण एका मे महिन्यात आम्ही दोघं, दोन पोरं, आई, मागे आंब्याच्या चार पेट्या आणि आईने "असू दे रे, एकच आहे" म्हणत ठेवलेला फणस. पुढे जांभ्याचा चिरा भरलेला ट्रक रांगतोय. तिसरा टाकला की गाडी मरगळते, दुसरा टाकला की किंचाळते. सरळ तुकडा आला, समोर कोणी नाही, काढली बाहेर. ट्रकच्या केबिनपाशी पोचलो आणि तिथेच लटकलो. पाय तळाला टेकलेला, एसी बंद केला, तरी काटा हलेना. तेवढ्यात वरून एसटी. आई पुढे बसली होती, तिने फक्त डॅशबोर्ड धरला. एसटीवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे टंकतोय.

पुढच्या वर्षी व्हर्टस 1.5 घेतली. 150 पीएस, टॉर्क 250. बावधन ते हिंजवडी बैलगाडीच्या वेगाने जातो, कबूल. पण फणस तोच, ट्रक तोच, आणि आई आता डॅशबोर्ड धरत नाही.

निवांत
वा! आमची बाजू तुम्हीच मांडलीत. घाटात, भरलेल्या गाडीने, पुढचं वळण दिसत नसताना बाहेर पडलात. यात इंजिनाचा काय गुन्हा? ट्रकच्या मागे दहा मिनिटं बसला असतात तर आंबे नासले नसते.

आमच्या मारुती 800 मध्ये चाळीस घोडेही नव्हते. त्यात पाच माणसं आणि टपावर होल्डॉल बांधून महाबळेश्वर केलं, आंबोली केलं, गगनबावडा केला. आणि द्रुतगतीवर 95 किलोमीटर 100 ऐवजी 120 ने मारलेत तर वाचतात साडेनऊ मिनिटं. ती खालापूरच्या टोलला जातात. वर कॅमेरा फोटो काढतो तो वेगळाच.

वक्रगती
निवांतराव, 120 चा मुद्दा कोणी काढलाच नव्हता. वेग आणि वेग पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशेब बघा. ट्रक 40 ने चाललाय, तुम्ही त्याच्या मागे. ओलांडून परत आपल्या बाजूला यायला ट्रकपेक्षा साधारण 40 मीटर जास्त कापावे लागतात. मंद गाडी, सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंद वेग वाढवणारी, त्याला 9 सेकंद घेते. दुप्पट जोराची 6.3. समोरून कोणी 60 ने येत असेल तर पहिलीला 290 मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसरीला 215.

हे सपाटीला. खरी गंमत चढावर. 6 टक्क्यांचा चढ दोघींच्याही जोरातून सारखाच 0.6 कापून घेतो. पहिलीकडे उरतात 0.4, दुसरीकडे 1.4. म्हणजे पहिली 9 वरून 14 सेकंदांवर जाते, दुसरी 6.3 वरून साडेसातवर. धागाकर्ते केबिनपाशी का लटकले, ते यात आहे. घाट गरिबाला जास्त कर लावतो.

टुरिस्ट_परमिट
गणित झ्याक आहे. 22 वर्षं स्टिअरिंगवर आहे, आता माझं ऐका. दरीतून गाड्या काढायला मी चारदा दोर धरलाय. चारही गाड्या जोरदार होत्या. 800 वाला घाबरून असतो म्हणून घरी पोचतो.

आणि तुम्ही सगळे घोडे मोजताय, पण मूळ दुखण्यावर कोणीच बोलत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे. पुस्तकात लिहिलेला. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबायचं. आज वरंध्यात कोण थांबतं? उतरणारा दिवे मारत अंगावर येतो. चढणाऱ्याचा लय तुटला की भरली गाडी परत उचलायची कशी? हाफ क्लचवर. जळक्या वासाने पॅसेंजर विचारतात, काका, काही लागलं का.

पॅसेंजर_सीट
अगदी अगदी! ताम्हिणीत आमच्यावर एक जण असाच आला, वर काच खाली करून म्हणतो, "मॅडम, मागे घ्या." माझ्या मागे सात गाड्या, डावीकडे दरी. मी हँडब्रेक ओढला, किल्ली काढली आणि बाहेर येऊन उभी राहिले. चार मिनिटांत साहेबांना रिव्हर्स गिअर सापडला.

मूळ विषयावर: नवऱ्याची गाडी 120 पीएसची आहे. तो चालवत असला की मला उपयोग शून्य, उलट्या मात्र होतात.

निवांत
उतरणाऱ्याने थांबायचं हे बोलायला ठीक आहे. मी उतारावर न्यूट्रल करून येतो, पेट्रोल वाचतं. दर वेळी थांबून सगळं घालवायचं का?

वक्रगती
थांबा. न्यूट्रल??

टुरिस्ट_परमिट
काका, तुम्ही माझ्या समोरून कधी येऊ नका.

वक्रगती
कार्ब्युरेटरच्या 800 वर हे शिकलात, तिथेच अडकलात. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचललात की पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब जातं. म्हणजे पेट्रोलही वाचत नाही, आणि इंजिनाचा ब्रेक गेल्यामुळे सगळा भार ब्रेकच्या पॅडवर. तापले की पेडल नुसतं खाली जातं.

तिसरा_गिअर
आणि आम्ही उतावळे! नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने डझनावारी गाड्या ठोकल्या. ब्रेक फेल नव्हते, उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा तपासात पुढे आलं. हाच तुमचा मायलेजचा सोस.

निवांत
मी इंजिन बंद करत नाही. न्यूट्रल म्हटलंय. ट्रकशी तुलना करून तुम्ही माझा अपमान करताय. छत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही.

पॅसेंजर_सीट
तुमच्या गाडीला नसेल हो. मागच्यांचं विचारलंत का कधी?

फ्रांकफुर्टकर
आमच्याकडे जर्मनीत आउटोबानवर (द्रुतगती महामार्गावर) काही पट्ट्यांना वेगमर्यादा नाही. तिथे जोडरस्त्यावरून आत शिरताना 150 पीएसही कमी वाटतात. भारतात मात्र...

टुरिस्ट_परमिट
साहेब, इथे वरंधा पावसाळ्यात चालू ठेवतात की बंद, हेही नक्की नसतं. आउटोबान राहू दे.

बॅटरीवाला
इलेक्ट्रिक घ्या. टॉर्क पहिल्या क्षणापासून, उतारावर चार्जिंग फुकट, निवांतरावांचाही जीव शांत.

निवांत
आणि पाटणला चार्जर बंद असला की फणस खात बसायचं?

तिसरा_गिअर
(हे मात्र बरोबर बोललात. पहिल्यांदाच.)

बरं, मीही एक मान्य करतो. त्या दिवशी बाहेर पडणं चूकच होतं, तो तुकडा वक्रगतींच्या 290 मीटरइतका नव्हताच. व्हर्टस असती तरी चूकच. पण चूक झाल्यावर साडेसात सेकंदांत सुटका होणं आणि चौदा सेकंद लटकणं, यातला फरक मला पैसे मोजून हवा आहे.

निवांत
म्हणजे चुका करण्यासाठी लाखो जास्त मोजलेत. अभिनंदन. चांदणी चौकात भेटू.

टुरिस्ट_परमिट
तिसरा गिअर साहेब, एक विचारू का? नवी गाडी आल्यापासून ओव्हरटेक वाढले की कमी झाले? खरं सांगा.

तिसरा_गिअर
...वाढलेत.

पण आई डॅशबोर्ड धरत नाही.

पॅसेंजर_सीट
काकू आता मागे बसतात का?

तिसरा_गिअर
हो. कंबरदुखीमुळे. त्याचा इथे काही संबंध नाही.

असो. शनिवारी कुंभार्लीने उतरतोय, रविवारी दुपारी चढणार. उतरणाऱ्या मंडळींनी कृपया थांबावं.

निवांत
रविवारी दुपारी मीही तिथेच आहे. उतरतोय.

टुरिस्ट_परमिट
कुठल्या गिअरमध्ये ते आत्ताच सांगा, म्हणजे मी भाडं सोमवारचं घेतो.