उपचार चालू, तारखा सरकत्या: तुम्ही कसं निभावलंत?

बहिणीची केमो सुरू आहे. आजाराचं डॉक्टर सांगतात, औषधांचं सिस्टर सांगतात. पण तारीख ऐनवेळी पुढे गेली, एकाच वेळी दोन विभागांनी बोलावलं, रिपोर्ट वेळेत आला नाही, तर ते निस्तरायचं घरच्यांनीच. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. 'सकारात्मक राहा' नको. नेमकं काय केलंत ते सांगा.

*

नवऱ्याची केमो दर 21 दिवसांनी असायची. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्टसाठी ताटकळायचं आणि दुपारी ऐकायचं, "काउंट कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या." काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या. घरी परतताना हा माणूस चकार शब्द बोलायचा नाही. शेवटी मी डॉक्टरांना विचारलं, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आदल्या दिवशी करून आणलं तर चालेल का? चालेल म्हणाले. नुसतं एवढं विचारायला मी इतके दिवस का घाबरत होते, देव जाणे. त्यानंतर तारीख पुढे गेलीच तर निदान घरबसल्या कळायचं.

काउंटमुळे पुढे गेलेल्या तारखेवर भांडण्यात अर्थ नाही. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी पडलेल्या असताना पुढचा डोस दिला तर जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकतो. खरी मेख पुढे आहे. केमो आठवडाभर सरकली की इको (हृदयाची सोनोग्राफी), स्कॅन, ओपीडीच्या तारखा आपोआप सरकत नाहीत. त्या तिथेच उभं राहून बदलून घ्यायच्या.

*

मी स्वतः पेशंट. घशाचं रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार. मध्येच मशीन बंद पडलं. खिडकीवरच्या माणसानं मान वर न करताच सांगितलं, "राहिलेले शेवटी जोडू." माझं समाधान होईना, म्हणून थेट रेडिएशनच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, घशाच्या कर्करोगात एकूण उपचार लांबणं बरं नव्हे, खाडा भरून काढायला हवा. मग एकदा शनिवारी बोलावलं आणि एकदा एकाच दिवशी दोनदा दिलं, मध्ये किमान सहा तास ठेवून. ते सहा तास मी बाकावर काढले. कपाळावर, रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कच्या जाळीचे चौकोन, तोंडाला कोरड आणि समोर कुणाचं तरी लहान मूल टक लावून बघतंय! तेव्हा 'थोडा उशीर झाला तर काय बिघडतं' हे खिडकीवर नका विचारू, डॉक्टरांना विचारा.

*

पेट (PET) स्कॅनला, म्हणजे कर्करोग शरीरात कुठे आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनला, उशीर होणार असेल तर वाटेतूनच फोन करा. त्यात वापरतात ते किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे तुमचा डोस ठेवून देता येत नाही. मधुमेह असेल तर तारीख घेतानाच सांगा. आईची साखर वाढलेली निघाली, स्कॅन झालाच नाही आणि उपाशीपोटी परत यावं लागलं.

*

थोडं विषयांतर, पण लिहितोच. केमो चालू असताना ताप 38 अंशांवर (फॅरनहाइटमध्ये 100.4) गेला तर 'परवा अपॉइंटमेंट आहेच' म्हणून थांबायचं नाही. रात्री असो वा सुट्टी, लगेच दवाखाना.

*

आमच्याकडे वडिलांचं केमो आणि रेडिएशन दोन्ही एकदम होतं. दोन्ही विभागांनी सकाळी दहाचीच वेळ दिलेली, कारण एकाची वही दुसऱ्याला दिसत नाही. तक्रार करून काही हललं नाही. मग डे-केअरच्या (केमो देतात त्या विभागाच्या) सिस्टरना रेडिएशनचं वेळापत्रकच दाखवलं. त्यांनी केमोची खुर्ची दुपारची केली, शिवाय "कुणी रद्द केलं तर आधी तुम्हाला फोन" म्हणून वडिलांचं नाव कोपऱ्यात लिहून ठेवलं. तसा फोन खरंच आला. तेव्हापासून माझा फोन आंघोळीला जातानाही दाराबाहेर स्टुलावर असतो.

*

वरच्या दादांना एक विचारायचं होतं: केमो दुपारी गेल्यावर त्या दिवशीचं रेडिएशन आधी घेता की नंतर? आम्हाला दोन विभागांनी दोन उत्तरं दिलीत.