डोळे तपासायला फी लावली की काचबिंदूचे पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत का?

निरंजन_७
इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं तर पैसे लागत नाहीत, पण त्याआधी चष्म्याच्या दुकानातली तपासणी मात्र अनेकांना विकतच. एप्रिल १९८९ च्या आधी तीही सगळ्यांना फुकट होती, थॅचरबाईंच्या सरकारने फी लावली. तेव्हा रेफरल, म्हणजे दुकानातून चिठ्ठी देऊन हॉस्पिटलकडे पाठवलेले पेशंट, घटले का? आणि घटले तर खरे आजारी गळले की उगाच पाठवलेले?

तिरकस_चाळिशी
दोन्ही गळले. ब्रिस्टलच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचे फीच्या आधीचे नि नंतरचे आकडे ताडून बघितलेत, १९९४ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलंय. आधीच्या चढत्या आकड्यांवरून जेवढे अपेक्षित होते त्यापेक्षा काचबिंदूचे नवे पेशंट जवळपास पाचव्या हिश्शाने कमी सापडले. मोतीबिंदूवाला धूसर दिसायला लागलं की आपणहून जातो हो, पण काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेची नजर गुपचूप जाते ती परत येत नाही, त्यामुळे तो सापडतो तो चष्म्याचा नंबर काढायला गेल्यावरच, मशीनवर हनुवटी टेकवून डोळ्यावर हवेची फुंकर मारून घेतली की डोळ्यातलं प्रेशर जास्त निघतं आणि मग हॉस्पिटलची चिठ्ठी मिळते.

उगाच_शंका
पण फी येणार म्हणून लोकांनी आधीच घाईघाईने तपासून घेतलं होतं, मग पुढचा आकडा पडणारच ना! शिवाय मुलं, डायबेटिसवाले, काचबिंदूवाले यांना तेव्हाही माफीच होती.

तिरकस_चाळिशी
घाईचा मुद्दा बरोबर, पण तो एखाद्या वर्षापुरता. माफी आहे हे माहीत असायला तर पाहिजे! आणि दुकानात गेलं की चष्मा गळ्यात मारतील ही धास्ती वेगळीच. सरकारने नंतर १९९९ पासून साठीच्या पुढच्यांना परत फुकट केलं, स्कॉटलंडने तर २००६ पासून सगळ्यांनाच.

निरंजन_७
मग आमचा दादा ४३ चा, लेस्टरला असतो, बाबांना काचबिंदू आहे, त्याला फी पडेल का?

तिरकस_चाळिशी
नाही पडणार. चाळीस किंवा पुढचं वय आणि आईवडील, भावंड किंवा मुलांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर फुकट. अपॉइंटमेंट घेतानाच सांगायला सांगा, दुकानदार आपणहून विचारेलच असं नाही.