प्रति: सुटे भाग मागवून बास गिटार जोडणे

फेंडर या गिटार कंपनीच्या मापाची नेक (तारांखालचा लांब दांडा) आणि बॉडी (वाद्याचे मुख्य अंग) दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून घेतली तरी चार स्क्रूंत काम भागते, हे या चर्चेत मांडलेले मत मला निम्मेच पटते. नेकच्या बुडाची रुंदी सहसा ६३.५ मिमी असते, त्यामुळे फेंडरच्याच जॅझ बास या मॉडेलची निमुळती नेक प्रिसिजन या दुसऱ्या मॉडेलच्या बॉडीवर बसवणारे पुष्कळ आहेत. परंतु नेक बॉडीच्या खाचेत घट्ट बसली म्हणजे वाद्य सुरात वाजेल असे नाही. ३४ इंची स्केलमध्ये (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीत) नटपासून (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरील आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत) ४३२ मिमी अंतर असते आणि तेवढेच अंतर तेथून ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवण्याच्या भागाच्या) सॅडलपर्यंत, म्हणजे तार टेकते त्या सरकत्या तुकड्यापर्यंत, असावे लागते. खाचेच्या किंवा नेकच्या लांबीत थोडा जरी फरक असला, तरी हे गणित बिघडते. म्हणूनच, शक्य असल्यास, ब्रिजची छिद्रे न पाडलेली बॉडी मागवावी (विक्रेते ती छिद्रे सोय म्हणून सांगतात, हा भाग वेगळा), नेक तात्पुरती बसवावी, दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरे ताणून ते नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर येतात का ते पाहावे आणि मगच ब्रिजची जागा आखावी. जाड ई तारेचे सॅडल बारीक जी (G) तारेच्या सॅडलपेक्षा काही मिलिमीटर मागे जाते, तेव्हा तेवढी सरकण्याची जागा मागे राखावी. अर्थिंगची तार ब्रिजखाली नेण्याचे छिद्रही याच वेळी पाडावे; ती जोडणी राहून गेल्यास पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) कितीही दर्जेदार असला तरी अँपमधून गुणगुण ऐकू येण्याची शक्यता असते.