सुरतेतल्या डच थडग्यांवर आपला पैसा का?

घाटवाटा: सुरतला कतारगाम भागात डचांचं कब्रस्तान आहे, त्यात व्हॅन रीड नावाच्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याची कबर. कबर कसली, दुमजली घुमटवाली हवेलीच! जवळच इंग्रजांच्या ऑक्सेंडन भावांचं थडगं आहे, त्याच्यावर मात करायची म्हणून डचांनी एवढा थाट केला म्हणतात. मेल्यावरही चढाओढ. आणि सांभाळतंय कोण तर आपलं पुरातत्त्व खातं. मसाल्याचा धंदा करायला आलेल्यांची स्मारकं आपण का जपायची? नेदरलँड्सने द्यावेत की पैसे.

फणसगरे: नुसता कंपनी अधिकारी नव्हे हो, हा 'हॉर्टस मलबारिकस' या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा कर्ता. मलबारातल्या सातशेहून जास्त वनस्पती, बारा खंड, १६७८ पासून ॲमस्टरडॅमला छापले, पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्यातूनच घेतलं. चित्रांवर झाडांची नावं नागरीतसुद्धा आहेत! सगळे खंड छापून व्हायच्या आधीच गेला बिचारा, १६९१ ला कोचीहून सुरतेला येताना मुंबईजवळ जहाजावरच.

घाटवाटा: बिचारा वगैरे राहू द्या. १६६३ ला पोर्तुगीजांकडून कोची घेतली त्या लढाईत हा होता, आणि त्याच कोचीतून डच कंपनीने माणसं गुलाम म्हणून बटाव्हियाला (आजचं जाकार्ता) नेली. बरं पुस्तकातलं ज्ञान कुणाचं? इट्टी अच्युतन वैद्यांचं आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पुभट या तिघा कोकणी भटांचं. त्यांचा घुमट कुठाय?

फणसगरे: ही नावं तुम्हाला कळली कशी पण? त्यानेच १६७५ ची त्यांची पत्रं पहिल्या खंडात छापली म्हणून ना, तिघांचं तर कोकणीत, नागरी लिपीत. (मराठी की कोकणी हा वाद इथे नको, धागा वाहून जाईल.) त्या काळात किती साहेबांनी असं श्रेय दिलं सांगा.

गडप्रेमी_पुणे: १६६४ ला महाराज सुरतेत शिरले तेव्हा हेच इंग्रज नि डच आपापल्या वखारी धरून बसले होते, इंग्रजांचा प्रेसिडेंट तोच जॉर्ज ऑक्सेंडन. त्यांचे घुमट आपण रंगवायचे??

शाईचा_डाग: आणि त्या स्वारीची रोजच्या रोज हकिगत कुठून मिळते, ह्याच वखारवाल्यांच्या पत्रांतून. घाबरून लिहिलीत, पण लिहिलीत. आमच्या प्राध्यापकांनी ती वाचून दाखवली होती, वर्गात टाळ्या पडल्या होत्या महाराजांसाठी. कागद चालतो, कबर चालत नाही, असं कसं?

फणसगरे: माझं म्हणणं एवढंच की तिथे एक मोठा बोर्ड लावा, गुजराती, मराठी, कोकणी, मल्याळम, आणि रीडच्या नावाच्याच मापात त्या चौघांची नावं.

घाटवाटा: बोर्ड लावा, माझी हरकत नाही. पण दुरुस्तीचा निधी आधी वेंगुर्ल्याच्या वखारीला द्या. मी गेलो तेव्हा छप्पर गायब, भिंतीत झाडं उगवलेली, आत जायची भीती वाटते.

शाईचा_डाग: वेंगुर्ल्याची वखार पण डचांचीच ना??

घाटवाटा: असेल, पण ती आपल्या मातीत आहे.

शाईचा_डाग: मग सुरतेच्या त्या मुघल धाटणीच्या घुमटाचे गवंडी काय हॉलंडहून आणले होते?