जिवंत देखावा: रायण्णानं राणी चन्नम्माला कैदेतून सोडवायचा प्रयत्न खरंच केला होता काय?

गल्लीतला_पेंटर

नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाचा जिवंत देखावा आहे आणि विषय पंचांनी पास पण करून टाकलाय, बैलहोंगलच्या किल्ल्यातून इंग्रजांशी लढलेल्या कित्तूर राणी चन्नम्माची सुटका. म्हणजे कसं, तिच्या बाजूनं लढलेला संगोळ्ळी रायण्णा गोसाव्याचा वेष घेऊन आत शिरतोय, पहारेकऱ्यांना गुंगारा देतोय, मग मारामारी, धूर, लाल लाईट, आणि शेवटी राणीला घेऊन वेशीतून बाहेर, वरनं फुलं. पोरं जाम खूश आहेत, थर्माकोलचा बुरूज मी करायला पण घेतला. आणि परवा मिटिंगमध्ये आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड गुरुजी उठले आणि म्हणाले, अरे बाबांनो राणी कैदेतच वारली, तुम्ही तिला सोडवून कुठं नेणार? सगळे गप्प. मग अध्यक्ष म्हणतात गुरुजी हा देखावा आहे, दहावीचा पेपर नव्हे. त्यावर जे पेटलं ते अजून विझलं नाही.

तर जाणकारांनी सांगा, असा काही प्रयत्न झाला होता काय? नसेल तर कैदेतनं सोडवायचाच दुसरा कुठला खरा प्रसंग घेता येईल? अडचणी अशा की गल्ली अरुंद आहे, घोडा आणता येत नाही, आठ-दहा पोरं आणि दोन-तीन मुली आहेत, प्रयोग पंधरा मिनिटांच्या आत बसला पाहिजे कारण रात्रभर तोच तोच लावायचाय, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग लवकरच करायचंय. आग्र्याहून सुटका सुचवू नका प्लीज, पेटारे शेजारच्या गल्लीवाल्यांकडे कायमचे तयार असतात.


मलप्रभाकाठचा

गुरुजी बरोबर आहेत, त्यांना आधी शाल-श्रीफळ द्या. तारखा बघ. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या किल्ल्यापुढं धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, म्हणून तर कित्तूर उत्सव दरवर्षी त्या तारखेला सुरू होतोय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईस्ट इंडिया कंपनीनं मोठी फौज आणून किल्ला घेतला, त्या लढाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो पण पडला, पण किल्ला गेला तो गेलाच. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं आणि ती तिथंच फेब्रुवारी १८२९ मध्ये गेली. समाधी तिथं गावातच आहे, जाऊन बघून या की एकदा, लांब काय आहे.

आता रायण्णाचं बघ. तो १८२४ च्या लढाईत होता, पकडला गेला, नंतर सुटला. त्याचं स्वतःचं बंड १८२९-३० सालचं. बिडी गावची सरकारी कचेरी जाळली, नंदगड, खानापूर, संपगाव या भागात खजिने लुटले, कागदपत्रं जाळली. म्हणजे त्याच्याकडं माणसं जमून हे सगळं पेटलं तेव्हा सोडवायला राणीच उरली नव्हती. देखाव्यात तुम्ही तिला वेशीबाहेर काढणार आणि वरनं फुलं टाकणार, तर बैलहोंगलकडचा एखादा माणूस गर्दीत उभा असला तर तो काय म्हणेल?

मधल्या चार वर्षांत का नाही सोडवलं, हा प्रश्न खरा. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. बैलहोंगल म्हणजे काळ्या मातीचं सपाट रान, जोंधळा आणि कापूस, लपायला झाड नाही. रायण्णानं जे केलं ते सगळं खानापूर-नंदगडच्या बाजूला, जिथं हात घालायचा आणि पाठीमागं जंगलात नाहीसं व्हायचं. उघड्या रानातल्या किल्ल्यातनं एका बाईमाणसाला, ते पण सुनांसकट, काढून आणायचं आणि न्यायचं कुठं? कित्तूर गेलेलं, फौज पांगलेली, बेळगावात आणि धारवाडात कंपनी बसलेली. आत शिरणं एकवेळ जमलं असतं, बाहेर निघाल्यावरचं अवघड होतं.


शहापूरची_ताई

तारखांचं बरोबर आहे हो दादा, पण वेष पालटून रायण्णा राणीला भेटून यायचा ही गोष्ट लोकांच्या तोंडी आहे ती काय कुणी आज बनवली नाही. आमची आजी मूळची त्याच बाजूची, तिच्याकडनं मी लहानपणी ऐकलीये. गीगी पदं, म्हणजे कन्नड लोकगीतं, म्हणणारे रायण्णाला अजून गातात. त्यामुळं भेट दाखवा, सुटका दाखवू नका, आणि निवेदनात सरळ सांगा की लोक असं सांगतात. एवढं एक वाक्य टाकलं की गुरुजी पण खूश.

पण पेंटरभाऊ, मी हौशी नाटकात बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगते, तुमच्या गोष्टीत यापेक्षा भारी प्रसंग पडलाय आणि तुम्ही त्याला हातच लावत नाही. ऑक्टोबरच्या लढाईत थॅकरे पडला तेव्हा त्याचे दोन साहेब, इलियट आणि स्टीव्हन्सन, जिवंत सापडले आणि राणीच्या ताब्यात होते. म्हणजे त्या वेळी कैदी गोरे आणि किल्लेदार आपली बाई! दक्षिणेचा कमिशनर चॅप्लिन, त्याच्याशी बोलणी झाली, लढाई थांबेल या भरवशावर राणीनं दोघांना सोडलं. आणि तरी फौज आलीच. आता विचार करा, हाताशी असलेली एकच वस्तू जिच्या बदल्यात काही मागता आलं असतं ती तिनं शब्दावर सोडून दिली आणि थोड्याच दिवसात स्वतः कैदेत गेली, आणि तिच्यासाठी शब्द टाकायला समोर कुणी नाही. याला घोडा लागत नाही, धूर लागत नाही. दोन खुर्च्या, एक कंदील, दोन पोरांना हॅट. मध्ये अंधार करायचा, परत उजेड आला की त्याच खुर्चीच्या जागी गज, आणि आत राणी. मुलगी मात्र दमाची निवडा, जिला नुसतं उभं राहता येतं अशी. आरडाओरडा करणारी नको.


रिकामटेकडा_नं_१

ताई भाषण लई भारी पण गणपती बघायला आलेली पब्लिक खुर्च्या बघायला येत नाही. पोरं खांद्यावर बसलेली असतात, मागनं ढकलाढकली चाललेली असते, त्यांना तलवार पाहिजे. फायटिंग नसेल तर पाच मिनिटात पुढच्या गल्लीत जातील आणि वर्गणी देणारे दुकानदार पुढच्या वर्षी हात आखडता घेतील.

खरी फायटिंगवाली सुटका पाहिजे तर सांगलीचा जेल घ्या. २४ जुलै १९४३, वसंतदादा पाटील आणि साथीदारांनी भरदिवसा पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या आणि तटावरनं खंदकाकडं उड्या टाकल्या. पावसाळा, नदीला पाणी, मागं पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळी लागून गेले, दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि परत पकडले गेले. सगळं आहे बघा यात, तट पण आहे, म्हणजे पेंटरचा थर्माकोलचा बुरूज वाया जात नाही.


चोर्ला_मार्गे

सांगलीचा प्रसंग जबरदस्त आहे पण ते स्वतःच फोडून बाहेर पडले, बाहेरनं कुणी सोडवायला आलं नव्हतं. प्रश्न सोडवायचा आहे म्हणून मी मोहन रानडे सुचवतो. आपल्या बेळगावचं आणि गोव्याच्या लढ्याचं नातं काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आज आपण चोर्ला घाट उतरून रविवारी मासे खायला जातो तीच हद्द तेव्हा पोर्तुगीजांची होती. रानडे मूळचे सांगलीचे, आडनाव आपटे. गोव्यात सावईवेरे गावात मराठीचे मास्तर म्हणून राहिले आणि आतनं आझाद गोमंतक दलाचं काम. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात गोळ्या लागून जखमी झाले आणि सापडले. २६ वर्षांची शिक्षा. नंतर पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगात.

आणि खरी गंमत पुढं आहे, गंमत म्हणजे वाईट अर्थानं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, इकडं पेढे वाटले, आणि हा माणूस तिकडं कोठडीतच. त्यानंतर सात वर्षं! सोडवायला धडपडलं कोण, तर गायक-संगीतकार सुधीर फडके. बाबूजी नुसते गाणारे नव्हते, १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली घेतली त्या हत्यारबंद मोहिमेत ते स्वतः होते. त्यांनी रानड्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आणि तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ ला व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोप पॉल सहावे यांच्यापुढं रानड्यांच्या सुटकेची मागणी केली. जानेवारी १९६९ मध्ये सुटका झाली. अण्णादुराई ३ फेब्रुवारीला गेले, म्हणजे धड आभार मानायला पण वेळ मिळाला नाही.

मराठी मास्तर, पोर्तुगीज तुरुंग, तामिळ मुख्यमंत्री आणि रोमचा पोप, एवढं कुठल्या देखाव्यात मिळणार सांगा.


रिकामटेकडा_नं_१

पोप कोण होणार? आमच्याकडं अंकल लोकांत एकाचं पोट चालेल 😄


शहापूरची_ताई

चोर्लावाले, गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो पण ही पुस्तकात किंवा भाषणात जमेल. स्टेजवर काय दाखवणार, अर्ज लिहिणारी माणसं? चौदा वर्षं पंधरा मिनिटांत बसवायची म्हणजे निवेदकच सगळं बोलणार आणि पोरं नुसती उभी. बेतीच्या चौकीचा हल्ला दाखवला तर तो पकडले जाण्याचा प्रसंग होतो, सुटकेचा होत नाही.


मलप्रभाकाठचा

मी परत कित्तूरवरच येतो कारण विषय पंचांनी पास केलाय आणि आपल्या पंचांचा पास झालेला विषय बदलणं किल्ला घेण्यापेक्षा अवघड. ताईंचा ओलिसांचा प्रसंग घ्या, पण तिथंच थांबू नका, कारण रायण्णाला काढून टाकला तर पोरं ऐकणार नाहीत आणि काढायचं कारण पण नाही. एक गोष्ट कुणी लिहिली नाही. रायण्णा लढत होता तो शिवलिंगप्पाला गादीवर बसवायला. हा राणीनं घेतलेला दत्तक मुलगा. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचा राजा शिवलिंगरुद्रसर्ज वारला, पोटी मूल नाही, म्हणून दत्तक घेतला आणि तोच कंपनीनं मान्य केला नाही, सगळी लढाई तिथनं सुरू. डलहौसीचं नाव आपण शाळेत पाठ करतो पण तो यायच्या कितीतरी आधी इथं तोच खेळ खेळून झाला होता. म्हणजे राणी गेली तरी तिचं म्हणणं रायण्णानं सोडलं नव्हतं. माणूस सोडवता आला नाही तर तिचं राज्य तरी सोडवू, असा तो हिशेब.

आणि दुसरं, रायण्णा कोण होता? सरदार वगैरे नव्हे, शेतसनदी. चाकरीच्या बदल्यात जमीन मिळालेला गावचा शिपाई. कंपनीनं या लोकांच्या जमिनींवर हात टाकला, सारा वाढवला, म्हणून तर तो कचेरीतले कागद जाळत सुटला, कारण जमीन कुणाची ते त्या कागदावर. गरीब कुळं त्याच्याबरोबर का गेली ते यातनं कळतं. बिडीची कचेरी जळताना दाखवा, लाल लाईट आणि धूर इथं वापरा, रिकामटेकड्यांची फायटिंग पण इथं बसते आणि एक अक्षर खोटं नाही.

शेवट मात्र खरा ठेवा. एप्रिल १८३० मध्ये आपल्याच माणसांनी दगा देऊन पकडून दिला, आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी. वडाचं झाड तिथं आहे, माणसं अजून नवस बोलायला जातात. खानापूर बाजूच्या कुठल्याही मराठी घरात विचारा, नंदगडचा रायण्णा म्हटलं की कुणी भाषा विचारत बसत नाही.


बैलहोंगल_रिटर्न

माझी नोकरी त्या गावात होती म्हणून दोन गोष्टी. एक, राणी आमच्या काकतीची लेक, बेळगावातनं हायवेनं निघालं की लगेच, ते निवेदनात पहिल्या वाक्यात टाका, बघणाऱ्याला लगेच आपलं वाटतंय. दोन, राणीचे एक-दोन संवाद कन्नडमध्येच ठेवा. ओलीस सोडते तिथं. मराठी निवेदन आणि मध्येच तिचा कन्नड आवाज, लोक गप्प होऊन ऐकतील, आणि समजायचं ते सगळ्यांना समजतंयच, आपल्याकडं बाजारात कोण एकाच भाषेत भाजी घेतो.

तलवारीच्या मुठी बघून घ्या फक्त, मागच्या वेळी एका ठिकाणी कंपनीच्या शिपायाच्या हातात मावळ्याची तलवार बघितली. शिपायांना बंदुका द्या, लाकडी चालतील.


गल्लीतला_पेंटर

सगळ्यांना थँक्यू, काल रात्री हे सगळं मोबाईलवर पंचांना वाचून दाखवलं. अध्यक्ष आधी फुगले, मग बिडीच्या कचेरीची आग म्हटल्यावर लाईनीवर आले. असं ठरलंय की पहिला प्रवेश ओलीस सोडण्याचा, दुसरा गजाआडची राणी आणि गोसाव्याच्या वेषातला रायण्णा, तिथं निवेदनात "लोक सांगतात" हे येणार, तिसरा बिडीची कचेरी, आणि शेवटी वडाचं झाड, फाशी दाखवायची नाही, नुसता दोर. फुलं कॅन्सल. सुटकेचं पोस्टर आधीच छापून आलंय त्याच्यावर आता स्टिकर मारायचा म्हणायलेत, तो खर्च कुणाच्या नावावर टाकायचा यावर वेगळी मिटिंग लागलीय.

निवेदन गुरुजी लिहिणार. चोर्लावाल्यांचे मोहन रानडे पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवलेत, पोपसकट.

आता मदत पाहिजे ती सांगतो. राणीच्या कन्नड संवादासाठी आवाज द्यायला बैलहोंगल-संगोळ्ळी बाजूची बोली येणारी कुणी ताई असेल तर कळवा, स्टुडिओत यायला लागेल, जाण्यायेण्याची सोय मंडळ करेल. आणि इलियट-स्टीव्हन्सनसाठी दोन उंच पोरं मिळालीत पण जुन्या काळच्या साहेबी हॅट नाहीत, दुकानात मिळतात त्या सगळ्या क्रिकेट अंपायरच्या दिसायलेत. कुणाच्या नाटक ग्रुपकडं असतील तर भाड्यानं घेऊ.