राइझन ५ २६०० काढून ५७००एक्स लावायचा आहे, कूलर कोणता बसेल?

निळीशाई (अकोला)

सध्याचं मशीन: एमएसआयचा बी४५०एम बोर्ड (नावात मॅक्स आहे), राइझन ५ २६००, त्याच्याच खोक्यातला रेथ स्टेल्थ कूलर, ८ जीबीच्या दोन रॅम ३२०० च्या, आरएक्स ६६०० आणि ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. काम मुख्यतः ब्लेंडर आणि व्हिडिओ एडिटिंगचं, अधूनमधून गेम.

राइझन ७ ५७००एक्स घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, थोडे पैसे टाकून ५७००एक्स३डी घ्या. दोन्हींच्या खोक्यात कूलर येत नाही. घरात जुन्या इंटेल एलजीए ११५५ मशीनचा हायपर २१२ इव्हो पडून आहे. तो चालेल? की स्टेल्थच ठेवू? दोन्ही ६५ वॅटचेच प्रोसेसर आहेत ना?

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची १५५ मिमी दिली आहे. खोलीत एसी नाही. मे महिन्यात दुपारी आत ३८ ते ४० अंश असतं.

तापमापी

आधी ६५ वॅटचा घोळ सोडवू. खोक्यावरचा टीडीपी (कूलर निवडताना धरायचा वॅटचा आकडा) म्हणजे प्रोसेसर प्रत्यक्षात खाईल ती वीज नव्हे. एएम४ वर (तुमच्या बोर्डावरचं प्रोसेसर बसवायचं सॉकेट) सॉकेटमधून किती वीज घ्यायची याची मर्यादा वेगळी असते, तिला पीपीटी म्हणतात. ६५ वॅटच्या गटात ती ८८ वॅटपर्यंत, १०५ वॅटच्या गटात १४२ वॅटपर्यंत. ५७००एक्स पहिल्या गटातला आहे. ५७००एक्स३डी १०५ वॅटच्या गटात मोडतो, त्यामुळे "दोन्ही ६५" हे खरं नाही.

शिवाय वॅट सारखे असले तरी तापमान सारखं राहत नाही. २६०० मध्ये २०० चौ. मिमीहून मोठी एकच चिप होती आणि उष्णता तेवढ्या जागेवर पसरायची. ५००० मालिकेतल्या चिपलेटवाल्या (एका मोठ्या चिपऐवजी लहान तुकडे जोडून केलेल्या) प्रोसेसरमध्ये सगळे कोअर सुमारे ८० चौ. मिमीच्या तुकड्यात बसवलेत, तोही प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या मधोमध नाही. तेवढीच उष्णता लहान जागेतून बाहेर काढायची असते. म्हणून २६०० वर बरा चालणारा स्टेल्थ इथे धापा टाकतो.

आता तुमच्या खोलीचं गणित. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त फरक कमी करतो. पूर्ण लोडवर १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर ५७००एक्सला आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण ४० ते ४५ अंश वर ठेवतो. खोली ४०, कॅबिनेटच्या आत आणखी ३-४ अंश, म्हणजे आकडा ८५ च्या आसपास. ५७००एक्सची मर्यादा ९० आहे, तेव्हा हे चालतं. स्टेल्थवर ब्लेंडरचं लांब रेंडर टाकलं तर तो ९० ला जाऊन टेकेल आणि प्रोसेसर क्लॉक खाली आणेल. जळणार काही नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळणार नाही आणि पंखा डोकं उठवेल. पुण्यात डिसेंबरमध्ये कोणी "स्टेल्थवर मस्त चालतंय" म्हणालं तर तेही खोटं नसतं, पण त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

हायपर २१२ इव्होबद्दल दोन अडचणी आहेत. एक, उंची १५९ मिमी, तुमच्या कॅबिनेटचं झाकण लागणार नाही. दोन, एएमडीच्या आधीच्या एएम३ सॉकेटवर कूलर बसवायची भोकं ४८ × ९६ मिमीवर होती, एएम४ ची ५४ × ९० वर आहेत. एलजीए ११५५ च्या काळातल्या खोक्यात एएम४ ची पट्टी नसते. ती वेगळी मिळवता येईल, पण उंचीवर इलाज नाही. तो विषय सोडा.

तुमच्यासाठी डीपकूल एजी४००: १५० मिमी उंच, चार हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), १२० मिमी पंखा. एके४०० थोडा बरा आहे, पण तो नेमका १५५ मिमीचा. कागदावर बसतो, प्रत्यक्षात मोजल्याशिवाय घेऊ नका.

बायोसबाबा

कूलरचं वर आलंच आहे. पण नवा प्रोसेसर बसवून स्क्रीन काळी राहिली, तर दोष बहुतेक वेळा कूलरचा नसतो, बायोसचा (बोर्डावरच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) असतो.

बी४५० बोर्ड बाजारात आले तेव्हा ५००० मालिका नव्हतीच. एमएसआयच्या साइटवर तुमच्या बोर्डाचं पान उघडा. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव बघा, कारण मॅक्स आणि बिगर-मॅक्सची बायोस फाइल वेगळी आहे (मॅक्समध्ये ३२ एमबीची चिप, जुन्यांत १६ ची). तिथल्या प्रोसेसर यादीत ५७००एक्ससमोर कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहून ती किंवा तिच्या पुढची स्थिर आवृत्ती घ्या. बीटा नको.

अपडेट २६०० बोर्डावर असतानाच करायचं. फाइल फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवर टाका आणि बायोसमध्ये जाऊन एम-फ्लॅशने (एमएसआयची अपडेट करायची सोय) चढवा. मधे वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. भारनियमनाचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसवर करा.

त्याआधी एक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. विंडोज ११ मध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्शन चालू असेल तर बिटलॉकर (विंडोजचं ते एन्क्रिप्शन) तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर किंवा फोनमध्ये उतरवून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर पहिल्याच बूटला एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या चाव्या सांभाळणारी सुरक्षा-सोय) रीसेट करायचं का असं विचारणारा संदेश येतो, वाय किंवा एन दाबायचं असतं. की हाताशी नसताना वाय दाबलं तर विंडोज ४८ अंकी की मागत बसेल आणि डेटा आत अडकेल.

बायोस बदलल्यावर एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) बंद होतो. रॅम ३२०० ऐवजी २४०० किंवा २६६६ वर धावत असेल तर घाबरू नका, पुन्हा चालू करा.

चक्रधर

बायोसबाबांना +१.

एक्स३डी घेऊ नका. ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) फायदा गेममध्ये, तोही तगडं ग्राफिक्स कार्ड असेल तेव्हा. आरएक्स ६६०० बरोबर बहुतेक गेममध्ये कार्डच आधी थकेल. ब्लेंडरमध्ये उलट तोटा होईल: ५७००एक्सचा बूस्ट (कमाल वेग) ४.६ गिगाहर्ट्झ, ५७००एक्स३डीचा ४.१. कोअर दोन्हींत आठच. उरलेल्या पैशात कूलर घ्या आणि रॅम ३२ जीबी करा, ब्लेंडरला ती जास्त कामी येईल. ४५० वॅटचा सप्लाय बऱ्या कंपनीचा असेल तर पुरतो.

"५७००" नावाचाही एक प्रोसेसर आहे, शेवटी एक्स नसलेला. त्यात एल३ कॅश निम्मी, १६ एमबी. बिलावर आणि खोक्यावर अक्षर तपासा.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. ५७००एक्सच ठरवला. कॅबिनेट उघडून बोर्डाच्या पृष्ठभागापासून बाजूच्या झाकणाच्या आतल्या कडेपर्यंत पट्टीने मोजलं, १६४ मिमी आलं. मग एके४०० बसायला हवा ना? आणि स्टेल्थ काढताना प्रोसेसर सोबत उपटून येतो असं वाचलं, त्याचं काय करायचं?

तापमापी

१६४ मधून ८ वजा करा. कूलरची उंची प्रोसेसरच्या झाकणापासून मोजतात आणि एएम४ वर ते झाकण बोर्डापासून साधारण तेवढं वर असतं. उरले १५६. एके४०० ला एक मिमी मोकळा राहतो आणि पट्टीने मोजताना तेवढी चूक सहज होते. एजी४००च घ्या, तापमानात दोन-तीन अंशांच्या पलीकडे फरक पडणार नाही. पंखा पुढे, रॅमच्या बाजूला येईल. रॅमवर उंच आरजीबी पट्ट्या असतील तर पंखा वर सरकवावा लागतो आणि तेवढी एकूण उंची वाढते. साध्या ३२ मिमीच्या रॅमला तो प्रश्न नाही.

पेचकस

उपटून येतो हे खरं आहे. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूने धरतं. वर दाबून ठेवणारी चौकट नाही, आणि सोडवायचा खटका कूलरखाली दडलेला असतो. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट सुकून गोंदासारखी झाली की सरळ ओढल्यावर खटका बंद असतानाच प्रोसेसर बाहेर येतो आणि पिना वाकतात.

म्हणून आधी सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग बंद करून सप्लायचा स्विच आणि वायर काढा, पंख्याची चार पिनांची वायर सोडवा. स्टेल्थचे चार स्क्रू समोरासमोरचे दोन-दोन वेढे करत सैल करा. इथे एक गंमत होते: शेवटचा स्क्रू सुटला की बोर्डामागची बॅकप्लेट मोकळी होऊन मागे पडते. एजी४०० ला तीच बॅकप्लेट लागते. मागचं झाकण उघडून तिला आधीच चिकटपट्टी लावा किंवा कोणाला तरी धरायला सांगा. स्टेल्थसाठी काढलेल्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या परत लावायच्या नाहीत.

स्क्रू निघाल्यावर कूलर वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा. तो फिरायला लागला की पकड सुटली, मग उचला. तरीही प्रोसेसर चिकटून आलाच तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. हेअर ड्रायरने कूलरचा तळ गरम करा आणि मधून दात साफ करायचा धागा ओढा. एखादी पिन वाकली असेल तर ०.५ मिमीच्या रिकाम्या शिसपेन्सिलचं टोक तिच्यावर सरकवून अलगद सरळ होते. एकाच पिनेला वारंवार पुढे-मागे केलं तर तुटते.

नवा प्रोसेसर: खटका पूर्ण उभा, सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून अलगद ठेवा. तो स्वतःच्या वजनाने बसतो. बोटाने दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

एजी४०० च्या तळाशी हीटपाइप थेट प्रोसेसरला टेकतात, त्यांच्यामध्ये बारीक खाचा असतात. नुसता एक ठिपका टाकला की पेस्ट खाचांतच अडकते. म्हणून आधी तळावर पातळ थर ओढून खाचा भरा, जादा पेस्ट पुसा, मग प्रोसेसरच्या झाकणाच्या मध्यावर तुरीच्या दाण्याएवढी ठेवा. आणि तळाची प्लास्टिकची फिल्म काढा. हसू नका, "नवीन कूलरवर ९० अंश" अशा तक्रारींत ही निघतेच. पंख्याची वायर सीपीयू_फॅन लिहिलेल्या जागीच, नाहीतर सुरुवातीलाच फॅन एरर येईल.

बायोसबाबा

शेवटी तपासणी. एएमडीच्या साइटवरून चिपसेट ड्रायव्हर नवा टाका, विंडोज परत टाकायची गरज नसते. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा आणि त्या वेळचं खोलीचं तापमान लिहून ठेवा. २८ अंशांच्या खोलीत ७२-७३ आलं तर मे महिन्यात ८५ धरून चाला. लोड देताच दोन-तीन सेकंदांत ९० ला उडी मारली तर फिल्म राहिली आहे किंवा कूलर तिरका बसला आहे. हळूहळू दहा मिनिटांत चढलं तर कॅबिनेटची हवा कोंडली आहे, मागचा पंखा आणि पुढची जाळी बघा.

उन्हाळ्यात आणखी चार-पाच अंश कमी हवे असतील तर बायोसच्या पीबीओ (प्रोसेसरच्या वेग-वीज मर्यादांची सेटिंग) भागात कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरना मिळणारं व्होल्टेज कमी करणारी सोय) सगळ्या कोअरना उणे १० पासून सुरू करा. उणे ३० वर काही जणांचं चालतं, पण मशीन लोडवर नाही तर रिकामं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट व्हायला लागलं, तर आकडा परत वर आणा.