भलत्या जागी खेळवलेला खेळाडू : तुमचे अनुभव लिहा

१९८० च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) अंतिम मालिकेत लेकर्स संघाच्या करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला. सहाव्या सामन्यात त्याच्या सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी उभा राहिला वीस वर्षांचा मॅजिक जॉन्सन, मूळचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा. ४२ गुण, १५ रिबाउंड (नेम चुकल्यावर पकडलेले चेंडू), ७ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास), आणि लेकर्स विजेते! आपल्यापैकी जे बझरबीटरसारखे मॅनेजर गेम (ऑनलाइन बास्केटबॉल संघ चालवायचा खेळ) खेळतात, त्यांना असा कुणी सापडला का? हातचं न राखता लिहा. सुरुवात मी करते.

मला एक पॉवर फॉरवर्ड (सेंटरच्या जोडीने आत खेळणारा) अगदी स्वस्तात मिळाला. रिबाउंडिंग जेमतेम, म्हणून कुणी बोली लावत नव्हतं. पण पासिंग आणि हँडलिंग (चेंडूवरचा ताबा) बघून मी थबकले. या गेममध्ये पगार ठरतो खेळाडूच्या सर्वात चांगल्या जागेवरून. बाकीची कौशल्यं जवळपास फुकट पदरात पडतात. त्याला जरा बाहेरच्या, स्मॉल फॉरवर्डच्या जागी लावला, डावपेच 'लुक इनसाइड', म्हणजे चेंडू बास्केटजवळच्यांना द्यायचा. आतल्या दोघांना चेंडू वेळेवर मिळायला लागला. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात) त्याच्या नावापुढे गुण जेमतेम आठ-दहा, तरी तो बाहेर बसला की संघ अडखळायचा. तीन मोसम त्याला विकला नाही.

*

माझा अनुभव जरा कडू आहे. सात फुटी पोरगा, वय १९. त्याला पासिंग शिकवायचं म्हणून पॉइंट गार्डला खेळवायचं ठरवलं आणि पूर्ण सरावासाठी आठवड्याला ४८ मिनिटं द्यावी लागतात. मी ती लीगच्या सामन्यात दिली. एका सामन्यात त्याने ११ वेळा चेंडू गमावला. लाइव्ह बघत होतो. चौथ्या क्वार्टरला बघवेना. उंच मुलांना बाहेरची कौशल्यं फार सावकाश येतात, हे माहीत असूनही हट्ट धरला. त्या मोसमात खालच्या डिव्हिजनला गेलो.

पण पोरगा घडला. आज तो सेंटरला खेळतो आणि चेंडू त्याच्या हातात अडकून राहत नाही. पुन्हा करायचं झालं तर ही मिनिटं मैत्रीपूर्ण सामन्यातच देईन.

*

२०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट संघाने चौथ्या सामन्यात उंच सेंटर बोगटला बसवून त्याच्याहून बुटक्या इग्वोडालाला सुरुवातीला उतरवलं, त्याची मी हुबेहूब नक्कल केली. पाचही जण चपळ, बाहेरून मारणारे. रिबाउंडमध्ये पार धुतले गेलो. नंतर उमगलं की बझरबीटरमध्ये उंचीचा परिणाम सरावाच्या वेगावर होतो, सामन्यात मोजली जातात फक्त कौशल्यं. म्हणजे छोटा संघ चालतो, पण त्यातल्या एकाकडे तरी इनसाइड डिफेन्स (बास्केटजवळचा बचाव) आणि रिबाउंडिंग खरोखर हवं. ते दोन आकडे न बघता मी फक्त नेमबाजी बघितली होती.

*

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती मिनिटांची. दोन जागा सांभाळणारा खेळाडू हाताशी आला की आपण त्याला सगळीकडे वापरतो. माझ्या अशाच एका खेळाडूची आठवड्याची मिनिटं शंभराच्या वर जायची आणि प्ले-ऑफच्या तोंडावर त्याचा गेम शेप (खेळण्याची तयारी दाखवणारा आकडा) ढासळला. आता दर सामन्यानंतर वहीत मिनिटं मांडते. साठ-सत्तर झाली की तो बाहेर, समोर कितीही मोठा संघ असो.